बाळाची कॉफी

बंगळुरात माणसं कॉफीवर उठतात हे ऐकून होते. तिथे माणसं कॉफीवर श्वासही घेतात, हे मात्र एका रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर कळलं.

माझ्या भाचीला एकोणतिसाव्या आठवड्यातच मुलगी झाली. वजन अकराशे ग्रॅम. बारशाचा पत्ता नाही, त्यामुळे काचेच्या पेटीवर नुसतंच 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. खाली कॅन्टीनमध्ये तिचा बाप रात्रभराच्या जागरणानंतर चौथी फिल्टर कॉफी डबऱ्यातून टंबलरमध्ये आणि टंबलरमधून डबऱ्यात ओतत बसला होता. वर सिस्टर एका इवल्याशा सिरिंजमध्ये पाण्यासारखं काहीतरी भरत होती. मी विचारलं, "हे काय?" केरळची मुलगी, मोडक्या हिंदीत म्हणाली, "कॉफी." मला वाटलं थट्टा करतेय. तिने बाटलीचं लेबल माझ्यासमोर धरलं. कॅफिन सायट्रेट.

थट्टा नव्हतीच. कमी दिवसांचं बाळ श्वास घ्यायचा विसरतं. 'विसरतं' हा शब्द सिस्टर वापरतात आणि तो अगदी नेमका आहे. फुप्फुसं जागेवर असतात, स्नायू असतात, पण मेंदूच्या देठातून सुटणारा 'घे' हा हुकूम अधूनमधून सुटतच नाही. वीस सेकंद जातात, हृदयाचे ठोके मंदावतात, मॉनिटर ओरडतो. मग कुणीतरी पेटीच्या खिडकीतून हात घालून तळपायाला बोटाने टिचकी मारतं आणि बाळ दचकून पुन्हा श्वास घेऊ लागतं, जणू झोपलेल्या पहारेकऱ्याला हलवावं.

तुम्ही-आम्ही श्वास रोखला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदू आरडाओरडा सुरू करतो. कमी दिवसांच्या बाळात हा आरडाओरडा क्षीण असतो. त्याहून चमत्कारिक म्हणजे, ऑक्सिजन कमी पडला की ते मिनिटभर जोरजोरात श्वास घेतं आणि मग उलट आणखी मंद होतं. हा वेडेपणा वाटतो, पण गर्भात तो शहाणपणा होता. तिथे छाती हलवून ऑक्सिजन वाढत नाही, नुसता खर्च होतो, त्यामुळे टंचाई आली की हालचाल थांबवून काटकसर करायची. बाळ पोटाबाहेर आलं, मेंदू अजून पोटातलाच हिशेब चालवतोय.

ही काटकसर घडवून आणणाऱ्या रेणूंपैकी एक म्हणजे ॲडेनोसिन. दिवसभर जागून आपल्याला जी पेंग येते तिच्यामागेही हाच. तो मेंदूच्या पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतो आणि सांगतो, दमलात, आता पुरे. कॅफिनचा आकार त्याच्यासारखाच. ते आधीच त्या जागी जाऊन बसतं आणि ॲडेनोसिनला उभंच ठेवतं. कॅन्टीनमधला बाप आणि चौथ्या मजल्यावरची लेक, दोघांच्या डोक्यात त्या क्षणी एकच कारभार चालला होता.

फक्त मापात फरक होता. पहिला डोस किलोमागे वीस मिलिग्रॅम कॅफिन सायट्रेटचा, त्यात निव्वळ कॅफिन निम्मं. म्हणजे किलोला दहा मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या बापाला त्याच हिशेबाने द्यायचं तर सातेक कडक कॉफ्या एका दमात पाजाव्या लागतील. आणि खरी गंमत त्याच्यापुढे आहे. बापाच्या शरीरातलं कॅफिन पाचेक तासांत निम्मं होतं. नवजात बाळाच्या शरीरात ते निम्मं व्हायला सुमारे शंभर तास लागतात, म्हणजे चार दिवस. यकृतात कॅफिन मोडणारं विकर जन्माच्या वेळी जवळपास नसतंच, त्यामुळे बाळ ते जसंच्या तसं लघवीतून टाकत राहतं.

१९७०च्या दशकात याहून अजब गोष्ट लक्षात आली. तेव्हा श्वास विसरणाऱ्या बाळांना थिओफिलिन द्यायला सुरुवात झाली होती. हा कॅफिनचा चुलतभाऊ, एकोणिसाव्या शतकात चहाच्या पानांतून वेगळा काढलेला, दम्याच्या रुग्णांच्या ओळखीचा. मोठ्या माणसाचं यकृत थोडंफार कॅफिन मोडून त्याचं थिओफिलिन करतं. बाळांच्या रक्ताची तपासणी केली तर प्रवाह उलटा वाहत होता. थिओफिलिन दिलेल्या बाळांच्या रक्तात कॅफिन सापडत होतं. पाजला चहा आणि अंगात निघाली कॉफी. मग सरळ कॉफीच का देऊ नये, असा विचार होऊन १९७७ साली कॅनडातल्या जेकब अरांडा यांनी कॅफिनचा वापर प्रसिद्ध केला.

आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं हे औषध जगभर दिलं गेलं, त्या मुलांच्या मेंदूचं पुढे काय होतं हे नीट न तपासता. यात निष्काळजीपणा होता असं मी म्हणणार नाही. समोर बाळ निळं पडत असताना कोण पाच वर्षांनंतरचा विचार करील? पण शंका होती, आणि रास्त होती. ऑक्सिजनच्या टंचाईत मेंदूला जपणारं ॲडेनोसिनच आपण अडवतोय, मग आज श्वास चालू ठेवून उद्याची बुद्धी तर कमी करत नाही ना? संशोधक बार्बरा श्मिट यांनी हा प्रश्न अखेर धसाला लावला. पाचशे ते साडेबाराशे ग्रॅम वजनाची २००६ बाळं घेतली (पहिले निष्कर्षही २००६ सालीच छापून आले, हा निव्वळ योगायोग), निम्म्यांना कॅफिन, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी, आणि कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही.

२००७मध्ये दीड-पावणेदोन वर्षांच्या वयाचे आकडे आले. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर येणारं कायमचं जखडलेपण, पाणी मिळालेल्या गटात ७.३ टक्के मुलांना होतं आणि कॅफिनच्या गटात ४.४ टक्के. ज्याच्यामुळे मेंदूला धोका वाटत होता त्यानेच मेंदू जपला होता. मुलं अकरा वर्षांची झाल्यावरही हालचालींतल्या अडचणी कॅफिनच्या गटात कमीच निघाल्या. असं का झालं याचं निम्मं उत्तर साधं आहे: कॅफिनची बाळं श्वासाच्या यंत्रावरून लवकर सुटली. उरलेल्या निम्म्याचा शोध चालू आहे.

दुपारी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नातेवाइकांना प्रवेश नसतो. अशा एका दुपारी मी निम्हान्समध्ये गेले. या संस्थेत मेंदूंची पेढी आहे आणि तिला जोडून एक संग्रहालय. काचेच्या बरण्यांत रांगेने मेंदू ठेवलेले, आणि तिथली माणसं तुमच्या हातात खराखुरा माणसाचा मेंदू ठेवतात. हातमोजे घालून मी तो ओंजळीत घेतला. मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन तेराशे ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे माझ्या ओंजळीत आमच्या अख्ख्या मुलीपेक्षा जड वस्तू होती. मग तिचा स्वतःचा मेंदू केवढा असेल? पुऱ्या दिवसांच्या बाळाचा साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा असतो. एकोणतिसाव्या आठवड्यात त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, साधारण दोन लिंबांएवढा. चोविसाव्या आठवड्यापर्यंत तर तो जवळपास गुळगुळीत असतो. हातातल्या मेंदूवर ज्या वळ्या मी मोजत होते त्यांतल्या बहुतेक तिच्या डोक्यात त्या आठवड्यांत, त्या पेटीत, ट्यूबलाइटच्या उजेडात पडत होत्या. पोटात अंधारात व्हायचं काम उघड्यावर चाललेलं, आणि मधेच औषधांची ये-जा.

लहान बाळाला औषध देताना आपण सहज समजतो की मोठ्यांचंच औषध, थोडं कमी मापाने. हा समज किती फसवा आहे ते मला शेजारच्या पेटीने शिकवलं. तिथल्या बाळाला आकडी येत होती. नवजात बाळाची आकडी आपल्या डोळ्यासमोर असते तशी नसते. बाळ सायकल चालवल्यासारखे पाय हलवतं, ओठ चोखतं, नाहीतर नुसतंच एकटक बघत राहतं. त्याला दिलं जात होतं फिनोबार्बिटल, आपल्याकडे बऱ्याच घरांना गार्डिनल या नावाने माहीत असलेलं औषध. ते १९१२ पासून बाजारात आहे आणि शंभर वर्षांनंतरही नवजात आकडीवरचं पहिलं औषध तेच.

ते काम करतं मेंदूतल्या गाबा या रेणूच्या मदतीने. गाबा म्हणजे मोठ्या मेंदूतला मुख्य शांत करणारा. तो पेशीवरचं एक दार उघडतो, त्या दारातून क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी गप्प होते. फिनोबार्बिटल ते दार जास्त वेळ उघडं धरून ठेवतं. शाळेच्या पुस्तकात इथे परिच्छेद संपतो.

१९८९ साली पॅरिसमध्ये येहेझ्केल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूत हेच दार उघडून पाहिलं, तर पेशी गप्प होण्याऐवजी बोलू लागल्या. गाबा तोच, दार तेच, परिणाम उलटा. कारण समजून घ्यायला मॅजेस्टिकच्या मेट्रो स्टेशनवर उभं राहावं. डब्याचं दार उघडलं की माणसं आत शिरणार की बाहेर सांडणार, हे दार ठरवत नाही. आत आधीच किती गर्दी आहे ते ठरवतं. कोवळ्या पेशीत एक पंप क्लोराइड आत कोंबत असतो आणि बाहेर काढणारा पंप अजून बसवलेलाच नसतो. गाबाने दार उघडलं की क्लोराइड बाहेर धावतं आणि पेशी चेतते.

निसर्गाने असं का करावं? सुरुवातीला मेंदूत एकमेकांना चेतवणाऱ्या जोडण्या फारशा तयार नसतात. गाबा सगळ्यांत आधी हजर होतो, तेव्हा बोलायला शिकवायचं कामही त्याच्याकडेच येतं. कोवळ्या मेंदूचा आलेख पाहिला तर काही सेकंद सपाट शांतता, मग अचानक एक मोठी लाट, पुन्हा शांतता. वाद्यवृंद सुरू होण्याआधी वादकांनी एकेकदा सूर लावून बघावेत तसा. मोठेपणी जो 'गप्प बसा' म्हणणार आहे तोच लहानपणी म्हणतो, 'बोला रे पोरांनो.'

आणि मधल्या बदलात आईचाही हात असतो. २००६ साली याच गटाने उंदरांत दाखवलं की बाळंतपणात आईच्या शरीरात जो ऑक्सिटोसिन उसळतो तो पिल्लाच्या मेंदूपर्यंत पोहोचून काही काळापुरतं गाबाचं रूप पालटतो. ज्या संप्रेरकाने कळा येतात तेच त्या गोंधळात पिल्लाच्या मेंदूला सांगतं, थोडा वेळ शांत हो. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आता फिनोबार्बिटलकडे परत या. गाबा चेतवत असेल त्या मेंदूत गाबाला बळ देणारं औषध काय करील? बदल सगळीकडे एकाच दिवशी होत नाही. मेंदूच्या देठात आणि खोल भागात आधी होतो, वरच्या थरांत उशिरा. त्यातून डॉक्टरांना चक्रावणारं एक दृश्य तयार होतं. औषध दिल्यावर बाळाचे हातपाय थांबतात, आईला हायसं वाटतं, आणि ईईजीच्या पडद्यावर आकडी चालूच असते. हातापायांपर्यंत निरोप पोहोचवणारे रस्ते शांत झाले, वरचा मजला अजून पेटलेला. म्हणून नवजात बाळाची आकडी थांबली की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही.

कुणाच्या तरी डोक्यात येणारच होतं की क्लोराइड कोंबणारा पंपच बंद करू. ब्युमेटानाइड हे लघवी वाढवणारं औषध ते करतं. युरोपात त्याची चाचणी सुरू झाली आणि चौदा बाळांनंतर थांबवावी लागली. २०१५ साली ती हकिकत प्रसिद्ध झाली. वाचलेल्या ११ बाळांपैकी ३ जणांना ऐकू कमी येत होतं. तोच पंप आतल्या कानातही असतो. शरीर एकच सुटा भाग दहा ठिकाणी वापरतं, आणि आपल्याला ते कळतं ते असं.

फिनोबार्बिटलवर आणखी एक काळी सावली होती. २००२ साली बर्लिनच्या संशोधकांनी आठवड्याच्या उंदरांना आकडीची नेहमीची औषधं दिली आणि मेंदूतल्या पेशी आत्महत्या करताना पाहिल्या. हा शब्द शास्त्रज्ञच वापरतात. वाढत्या मेंदूत पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि प्रत्येकीचा जणू एकच प्रश्न असतो: माझ्याशी कुणी बोलतंय का? उत्तर आलं नाही तर ती स्वतःला शिस्तीत मोडून टाकते. औषधाने मेंदूवर शांतता पसरवली की ज्यांना जगायचं होतं त्याही पेशींना वाटतं आपली गरज नाही. बघा, इथे गाबाचं औषध उंदराला गप्प करतंय, वर म्हटल्याप्रमाणे पेटवत नाही. एकाच मेंदूत दोन्ही खरं असतं, जागा आणि दिवस वेगळे.

मग हे औषध टाकून का देत नाहीत? कारण आकडी स्वतःही मेंदूला सोडत नाही, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. नवं, सौम्य समजलं जाणारं लेव्हेटिरासेटाम पुढे आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो. २०२०मध्ये दोघांची समोरासमोर तुलना झाली: २४ तास आकडी थांबवून धरण्यात म्हातारं फिनोबार्बिटल ८० टक्के बाळांत यशस्वी, नवं २८ टक्क्यांत. सुटका झाली ती वेगळ्याच बाजूने. आकडी थांबल्यावरही 'असू द्या आणखी काही महिने' म्हणून बाळाला औषधासकट घरी पाठवायची रीत होती. २०२१ साली अमेरिकेतल्या रुग्णालयांतल्या नोंदींनी दाखवलं की घरी जाण्याआधी औषध बंद केलेली मुलं दोन वर्षांनंतर कशातही मागे नव्हती. शेजारच्या पेटीतल्या बाळाचं औषधही घरी जाण्याआधी थांबवलं गेलं. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना तीन वेळा विचारून खात्री करून घेतली. मी असते तर पाच वेळा विचारलं असतं.

औषधाच्या वेळेचा हा प्रश्न याच शहरात आणखी एका ठिकाणी भेटतो. बंगळुराच्या उत्तरेला जक्कूरला जवाहरलाल नेहरू सेंटर ही संशोधन संस्था आहे. तिथे जेम्स चेल्लय्या यांची प्रयोगशाळा सिनगॅप-१ हे जनुक अर्धं बिघडलेल्या उंदरांवर काम करते. या उंदरांत मेंदूच्या घडणीचं वेळापत्रकच चुकतं, जोडण्या वेळेआधी पक्क्या होतात. तिथे ६-बायो नावाचं एक संयुग अशा उंदरांना देऊन बघितलं, तेव्हा त्यांच्या वागण्यात आणि जोडण्यांत सुधारणा दिसली. उंदरांची गोष्ट उंदरांचीच धरावी. पण प्रश्न तोच आहे जो चौथ्या मजल्यावर होता: कोणतं औषध, याच्याइतकंच कोणत्या आठवड्यात.

या सगळ्या काळात ताई, म्हणजे भाचीची आई, कोल्हापूरहून येऊन राहिली होती. तिने सामानात सहाण आणि गुटीचा डबा आणलेला. वेखंड, बाळहिरडा, मुरडशेंग, हळकुंड, आणि झोप लागावी म्हणून जायफळ. मी तिला अफूचं विचारलं. म्हणाली, "आजी सांगायची ना, बाळागोळी."

बाळागोळी, म्हणजे बाळाला झोपवायची अफूची गोळी, ही मुंबईच्या गिरणगावाचीही गोष्ट आहे. १९२२ साली मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जात असल्याची नोंद केली. आईला दहा तास साच्यावर उभं राहायचं, पाळणाघर नाही, पोर रडलं तर बघणार कोण? गोळी दिली की पोर दिवसभर पडून राही. अफू नेमकी श्वासाच्या त्याच देठावर हात ठेवते जिथे आमच्या मुलीला कॉफीने टिचकी मारावी लागत होती. त्या आयांना दोष देणाऱ्यांनी आधी गिरणीचा भोंगा ऐकावा.

पण दुसऱ्या टोकाला काय होतं ते पाहिलं तर अधिक अस्वस्थ व्हायला होतं. १९८०च्या दशकापर्यंत मोठमोठ्या रुग्णालयांत नवजात बाळांवर जेमतेम भूल देऊन शस्त्रक्रिया होत. स्नायू लुळे करायचं औषध असे, वेदना मारायचं नसे. समज असा की एवढ्याशा मेंदूला वेदना कळत नाही, आणि कळलीच तर औषध झेपणार नाही. इंदूरला शिकून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली कमी दिवसांच्या बाळांच्या हृदयाजवळच्या शस्त्रक्रियेत निम्म्यांना फेंटानिल, म्हणजे अफूच्याच घराण्यातलं वेदनाशामक, देऊन पाहिलं. ज्यांना मिळालं त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं कितीतरी कमी उसळली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. काही दशकं जगात असं होतं: जिथे वेदना नव्हती तिथे अफू होती, आणि जिथे वेदना होती तिथे नव्हती.

भुलीचं म्हणाल तर तिच्यावरही उंदरांच्या पेशींमुळे संशय आलाच होता. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ७२२ तान्ह्यांत पूर्ण भूल आणि नुसता तेवढाच भाग बधिर करणं यांची तुलना झाली. २०१९मध्ये ती मुलं पाच वर्षांची झाली होती आणि दोन्ही गटांची बुद्धी सारखीच निघाली. तासाभराच्या एका भुलीने घाबरून जाऊ नये, एवढं आईबापांना सांगता येतं.

कधीकधी मेंदूला इजा करायला औषधाला त्याला हातही लावावा लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन यांनी जंतुसंसर्ग टाळायला कमी दिवसांच्या बाळांना दिल्या जाणाऱ्या दोन उपायांची तुलना केली. १९५६ साली निष्कर्ष आले: त्यांपैकी सल्फा औषधाच्या गटात जास्त बाळं दगावली होती आणि त्यांच्या मेंदूचा खोल भाग पिवळा पडलेला होता. बाळाची कावीळ आपण सकाळच्या उन्हाची गोष्ट समजतो. तिच्यातलं पिवळं बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून निमूटपणे फिरत असतं. सल्फाने त्याला पाठीवरून ढकलून स्वतः जागा घेतली आणि मोकळं सुटलेलं बिलिरुबिन मेंदूत शिरलं. औषध रेल्वेत रिझर्व्हेशन न करता चढलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

आणि जे लंडनला चालतं ते बंगळुरात चालेलच असं नाही, हे तर याच शहराने जगाला दाखवलं. जन्मताना ऑक्सिजन न मिळालेल्या बाळाला पुढचे ७२ तास ३३.५ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवायचं, हा श्रीमंत देशांतला ठरलेला उपचार. थंडी हे इथे औषधच. इजा झाल्यावर मेंदूच्या पेशी लगेच मरत नाहीत, काही तास सावरल्यासारख्या होतात आणि मग दुसऱ्यांदा कोसळतात, त्या मधल्या फटीत थंडी शिरते. २०१५ ते २०१९ या काळात इंपीरियल कॉलेजचे सुधीन तय्यिल यांच्या पुढाकाराने हेलिक्स नावाची चाचणी झाली. बंगळुरातलं इंदिरा गांधी बालआरोग्य संस्थान आणि बंगलोर मेडिकल कॉलेज, मुंबईतलं सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, चेन्नई, श्रीलंका आणि बांगलादेश इथली ४०८ बाळं. सगळी मोठी रुग्णालयं, उपकरणं चांगली. २०२१मध्ये आकडे आले. थंड न केलेल्यांपैकी ३१ टक्के बाळं दगावली होती. थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के.

हे आकडे मी दोनदा वाचले. अपेक्षा उलटी होती. एक समजूत अशी की इथल्या अनेक बाळांची इजा प्रसूतीच्या शेवटच्या घटकेत नव्हे, त्याआधीच गर्भात सुरू झालेली असते. म्हणजे ती मधली फट बाळ जन्माला येईपर्यंत मिटलेली, आणि मागे उरतो तो थंडीचा नुसता भुर्दंड. इथल्या नवजात-तज्ज्ञांत यावरून अजून वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. माझ्या मनात मात्र एक गोष्ट रुतून बसली. आपल्या बाळांचा मेंदू आपल्याच रुग्णालयांत तपासल्याशिवाय दुसरीकडचं पुस्तक इथे उघडता येत नाही, आणि ते तपासायला स्वतःची बाळं दिलेली ४०८ घरं याच उपखंडातली होती, एक त्यातलं कदाचित सायनच्या चाळीतलं.

चौतिसाव्या आठवड्यात आमच्या मुलीची कॉफी बंद झाली. वजन दोन किलोला टेकलं होतं, दूध ओढत होती, भाचीने पिशव्या भरल्या. पण डॉक्टर सोडेनात. कारण तेच शंभर तासांचं. शेवटचा डोस गेला तरी ती पुढचे कितीतरी दिवस त्याच कॉफीवर चालणार. अंगातली कॉफी संपल्यावर ती स्वतःहून श्वास घेते का, हे बघितल्याशिवाय घरी नाही. मग सात दिवस आम्ही मॉनिटरकडे बघत बसलो. बापाने त्या सात दिवसांत खालची कॉफी सोडली, का ते त्यालाच माहीत. मॉनिटर एकदाही ओरडला नाही.

घरी आल्यावर ताईने सहाण धुऊन पुसून ठेवली आणि जायफळ हातात घेतलं. भाची म्हणाली, "आई, सहा महिने फक्त दूध. वरचं काही नाही." ताईने जायफळाकडे पाहिलं, मग पेटीतून आलेल्या त्या झोपलेल्या मुलीकडे. झोपेसाठी तिला जायफळाची गरज नव्हती हे उघडच होतं. ती स्वयंपाकघरात गेली, दुधात कॉफी टाकली आणि आपल्याकडे घालतात तसं वर तेच जायफळ किसलं.

बाळ बघायला वरच्या मजल्यावरच्या कन्नड आजी आल्या होत्या. ताईने त्यांच्या हातात कप दिला. त्यांनी एक घोट घेतला, थांबल्या, कपात वाकून पाहिलं आणि भाचीला विचारलं, कॉफीत औषध घातलंय का?